फुलदाणीचं पेंटिंग वाचायचं कसं? नवीन लोकांसाठी, एका माशीपासून सुरुवात

फुलांची जुनी पेंटिंग्ज मला कळायला लागली ती घरी जमिनीवर बसून जिगसॉ लावताना. हजार तुकड्यांचं होतं, कुठल्यातरी जुन्या डच चित्राचं, काळ्या बॅकग्राउंडवर फुलांचा हा एवढा ढीग. पहिल्या दिवशी कळलं की निम्मे तुकडे नुसते काळेच आहेत, दुसऱ्या दिवशी कळलं की पानं धड हिरवी नाहीत, निळसर आहेत, आणि तिसऱ्या दिवशी एका पांढऱ्या पाकळीवर काहीतरी चिकटलंय म्हणून मी नखाने खरवडत बसले तर ती माशी निघाली. रंगवलेली माशी. हेच चित्र त्याआधी मोबाईलवर दहा वेळा तरी बघितलं असेल, माशी एकदाही दिसली नव्हती.

तर ज्यांना असं चित्र समोर आलं की "छान आहे" च्या पुढे काय बोलावं सुचत नाही त्यांच्यासाठी हे लिहितेय. बहुतेक जण एक गोष्ट करतात, मीही केलीये, लगेच "गुलाबाचा अर्थ काय" असं सर्च करायचं, मग एक यादी मिळते, गुलाब म्हणजे प्रेम, लिली म्हणजे पावित्र्य, पॉपी म्हणजे झोप, आणि चित्र राहतं बाजूला, आपण यादी वाचत बसतो. यादी लागते, नाही असं नाही, पण खूप नंतर लागते.

सरावाला एक चित्र घ्या. मी अम्ब्रोसियस बोसखार्टचं खिडकीतल्या फुलदाणीचं चित्र सुचवेन, साधारण १६१८ मधलं, हेग शहरातल्या माउरित्सहाउस म्युझियममध्ये आहे. कमानीच्या खिडकीत दगडी कट्ट्यावर काचेचं भांडं, त्यात फुलं, मागे दूरवरचा निसर्ग. लाकडी फळीवर रंगवलेलं, आकार जेमतेम ६४ बाय ४६ सेंटीमीटर. नेटवर मोठ्या साइजमध्ये मिळतं, भरपूर झूम होतं. मोबाईल नको, मोठी स्क्रीन घ्या.

स्टेप १: लेबल न वाचता पाच मिनिटं

पाच मिनिटं म्हणजे खरंच पाच, घड्याळ लावून. पहिल्या मिनिटाला कंटाळा येतो, दुसऱ्या मिनिटाला मोबाईलकडे हात जातो, तिसऱ्यापासून दिसायला लागतं. आधी डोळे बारीक करून बघा, म्हणजे फुलं जातात आणि नुसते रंगाचे डाग उरतात. सगळ्यात उजळ डाग कुठे आहे? नजर तिथून कुठे घसरते, वर जाते की खाली कट्ट्यावर येते? हा रस्ता चित्रकाराने आखलेला असतो, एखादा वाकलेला दांडा, खाली लोंबणारी कळी, कडेला पडलेली पाकळी, हे सगळं नजर फिरवायला ठेवलेलं असतं.

बोसखार्टच्या चित्रात गंमत अशी की रस्ता फारसा नाहीच. सगळ्या फुलांवर जवळपास सारखा उजेड, प्रत्येकाला आपली जागा, कोणी कोणाला फारसं झाकत नाही. शाळेच्या ग्रुप फोटोसारखं, प्रत्येकाचं तोंड दिसलंच पाहिजे. आता याच्या शेजारी यान डे हेमचं किंवा राखेल राउसचं चित्र उघडा, म्हणजे त्याच शतकाच्या उत्तरार्धातलं किंवा त्याच्याही नंतरचं. तिथे फुलं एकमेकांवर रेलतात, काही पाठमोरी आहेत, काही पार अंधारात गेलीयेत, सगळा गुच्छ एका बाजूने तिरका वर चढतो. एवढा फरक डोळ्यात बसला की तारीख न वाचता चित्र शतकाच्या सुरुवातीचं की नंतरचं याचा अंदाज यायला लागतो, नेहमी बरोबर येईलच असं नाही, पण येतो.

स्टेप २: फुलं मोजा आणि त्यांचा सीझन बघा

ही माझी सगळ्यात आवडती स्टेप आहे त्यामुळे जरा लांबेल.

एक कागद घ्या आणि ओळखू येतील तेवढी फुलं लिहा. ट्यूलिप, गुलाब, आयरिस, कार्नेशन, जे कळेल ते. नाव माहीत नसेल तर "पिवळं, सहा पाकळ्यांचं, खाली मान घातलेलं" असं लिहा, तेही चालतं. झाडं ओळखायचं ॲप असेल तर चित्रातल्या फुलावर लावून बघा, कधीकधी चक्क ओळखतं. मग प्रत्येक फुलापुढे त्याचा सीझन लिहा, म्हणजे हॉलंडच्या हवेतला सीझन. स्नोड्रॉप हिवाळा संपता संपता, डॅफोडिल आणि ट्यूलिप वसंतात, गुलाब आणि पिओनी उन्हाळ्याच्या तोंडाला, सूर्यफूल त्याच्याही नंतर. यादी पूर्ण झाली की लक्षात येतं की हा गुच्छ कधी अस्तित्वातच नव्हता. काचघरं, विमानं, फ्रीज असलं काही नसताना ही फुलं एका भांड्यात एका दिवशी येणं शक्यच नव्हतं.

मग रंगवलं कसं? एकेक फूल, जसं फुलेल तसं. काही जण फुलांची वेगळी स्केचेस करून ठेवायचे आणि तीच पुन्हा वापरायचे, म्हणून एकाच चित्रकाराची चार-पाच चित्रं शेजारी ठेवली तर तेच फूल त्याच अँगलने परत भेटतं (ओळखीचा माणूस दुसऱ्या सिनेमात दिसावा तसं वाटतं). काही जण मात्र खरं फूल समोर असल्याशिवाय ब्रश उचलायचे नाहीत. थोरल्या यान ब्रुगेलने १६०६ मध्ये मिलानच्या कार्डिनल बोरोमेओला पत्रातून कळवलं होतं की अँटवर्पमध्ये न मिळणारी फुलं रंगवायला तो थेट ब्रसेल्सला जाऊन आलाय, आणि त्या एका चित्रात शंभराहून जास्त प्रकारची फुलं होती. यान फान हाउसुमने तर १७४२ मध्ये गिऱ्हाइकाला कळवलं की गेल्या वर्षी पिवळा गुलाब मिळाला नाही म्हणून तुमचं चित्र अडकलंय. एका गुलाबासाठी वर्षभर थांबायचं! मी इथे एक ईमेल दोन दिवस ठेवला तर तीन रिमाइंडर येतात.

अर्थाच्या दृष्टीने हे का महत्त्वाचं, तर यामुळे प्रश्न बदलतो. "चित्रकाराने समोरचं कसं उतरवलं" असं विचारण्यात काही अर्थ उरत नाही, कारण समोर असं काही नव्हतंच. वर्षभराची फुलं त्याने एकत्र का आणली, कोणाला मध्यभागी बसवलं, कोणाला कोपऱ्यात टाकलं, हे विचारायचं. प्रत्येक फूल तिथे निवडून आणलंय.

स्टेप ३: भांडं

दांडे मोजा. वर पंचवीस फुलं आणि भांड्याच्या तोंडात जेमतेम सात-आठ दांडे मावतील एवढी जागा, असं सर्रास असतं. मनातल्या मनात गुच्छ उचलून बघा, भांडं कलंडेल का? बहुतेक वेळा कलंडेल. मोठी जड फुलं वर टोकाला आणि नाजूक खाली असा उलटा कारभार असतो, कारण वर बसवलेलं फूल मान वाढवतं. भांडं कशाचं आहे तेही बघा, चिनी पोर्सिलेन असेल तर तो समुद्रापलीकडून आलेला महागडा माल, बोसखार्टच्या कट्ट्यावरचे शिंपलेही तसेच दूरदेशचे, हौशी संग्राहक जमवायचे ते.

काचेचं किंवा धातूचं असेल तर थांबा आणि पूर्ण झूम करा. काचेच्या गोलाईवर बऱ्याचदा एक छोटीशी वाकडी खिडकी दिसते, चौकटीसकट. ती चित्रात कुठेच नसलेली, चित्रकाराच्या खोलीतली खिडकी, आणि उजेड नेमका कुठून येतोय ते तीच सांगते. क्लारा पेटर्स नावाची चित्रकार याच्या पुढे गेली. जर्मनीत कार्ल्सरूहला असलेल्या तिच्या १६१२ मधल्या चित्रात फुलांशेजारी सोन्याचा मुलामा दिलेला उंच पेला आहे, त्या पेल्याच्या फुगीर टेंगळांवर तिने स्वतःला रंगवलंय, एकदा नाही, बऱ्याच वेळा, प्रत्येक टेंगळात एक इवलीशी क्लारा. लांबून बघणाऱ्याला नुसती चमक दिसते.

स्टेप ४: किडे, भोकं, थेंब

आता माशीकडे येऊ. पानं नीट बघा, कडा कुरतडलेल्या असतील, अळीने पाडलेली भोकं असतील, बोसखार्टच्या पानांवर ती स्पष्ट दिसतात. मुंगी दांड्यावरून चढत असेल, गोगलगाय कट्ट्यावर, सुरवंट पानाच्या खालच्या बाजूला. हे सगळं शोधून मोजायचं आणि जागा लिहायची, कारण जागेत अर्थ असतो. फुलपाखरू वरच्या टोकाला आणि सुरवंट खाली असेल तर चित्रकाराला सुरवंटाचं फुलपाखरू होणं डोक्यात होतं असं म्हणायला थोडी जागा मिळते, नुसतं कुठेतरी फुलपाखरू आहे म्हणून "आत्मा" म्हणून मोकळं होणं जरा घाईचं.

किडे नेहमी अर्थासाठीच असतात असंही नाही. राखेल राउसचे वडील अ‍ॅमस्टरडॅममधले नावाजलेले शरीरशास्त्रज्ञ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ, त्यांच्याकडे जतन केलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह होता, ती त्यातच वाढली. पंधराव्या वर्षी चित्रकाराकडे शिकायला गेली, पुढे दहा मुलं झाली, आणि ऐंशी ओलांडल्यावरही चित्रं काढत होती, सहीसोबत वय लिहायची. तिचा किडा किड्यासारखा दिसतो यात अभ्यासाचा वाटा मोठा आहे आणि "बघा मला काय जमतं" हेही आहेच. माशीचा खोडसाळपणा तर फार जुना. पेत्रुस क्रिस्तुसच्या १४४६ मधल्या एका साधूच्या पोर्ट्रेटमध्ये रंगवलेल्या चौकटीवर माशी बसलीये, बघणाऱ्याने हात उगारावा अशी. त्यामुळे नख लावणारी मी काही पहिली नसणार.

पाण्याचा थेंब असेल तर तोही झूम करा. एका बाजूला पांढरा ठिपका, समोरच्या बाजूला उजळ कड, खाली बारीक सावली. तीन-चार स्ट्रोकचं काम आहे ते, कळलं की प्रत्येक थेंबात तेच शोधत बसाल.

स्टेप ५: आता सिम्बॉल

आता यादी काढा. पण यादीतला अर्थ चित्राला लावायच्या आधी मी दोन गोष्टी तपासते. एक, त्याच अर्थाकडे बोट दाखवणारं दुसरं काही चित्रात आहे का. दोन, हे चित्र कुठे लावायला आणि कोणासाठी केलं होतं.

हान्स मेमलिंगचं साधारण १४८५ मधलं फुलदाणीचं चित्र घ्या, माद्रिदच्या थिसेन म्युझियममध्ये आहे. लिली, आयरिस, कोलंबाइन, आणि ज्या भांड्यात ती ठेवलीयेत त्यावर येशूच्या नावाची अक्षरं. शिवाय हे चित्र एका प्रार्थना करणाऱ्या तरुणाच्या पोर्ट्रेटच्या मागच्या बाजूला आहे. इथे लिली म्हणजे मेरी असं बिनधास्त म्हणा, सगळं एकाच दिशेला चाललंय. तसंच डे हेमचं ड्रेस्डेनमधलं चित्र, गुच्छाशेजारी माणसाची कवटी ठेवलीये, तिथे "आयुष्य क्षणभंगुर" म्हणायला पुरावा लागत नाही. कवटी, वाळूचं घड्याळ, विझलेली मेणबत्ती, ही मंडळी दिसली की चित्र नश्वरतेबद्दल बोलतंय.

पण यातलं काहीच नसेल, नुसतीच टवटवीत फुलं आणि एक माशी, तर? अशा चित्रांत किती अर्थ लपलाय यावर अभ्यासकच भांडतात. काहींच्या मते जवळजवळ प्रत्येक गोष्ट बोधपर, काहींच्या मते त्या लोकांना बघण्याचंच वेड होतं, नवी फुलं, नवी भिंगं, नवे बगीचे, आणि चित्र म्हणजे त्या बघण्याचा आनंद. मी स्वतः दुसऱ्यांकडे झुकते, पण सुकत चाललेली पाकळी दिसली की पहिल्यांचंही पटतं.

ट्यूलिपबद्दल वेगळं सांगते, कारण इथे सगळे घसरतात. ट्यूलिप दिसला की "हा ट्यूलिपच्या सट्ट्यावर टोमणा आहे" असं लिहायचा मोह होतो. हॉलंडमध्ये लोक ट्यूलिपच्या कंदांवर बेफाम सट्टा खेळले होते, तो बाजार कोसळला फेब्रुवारी १६३७ मध्ये. आपलं चित्र १६१८ च्या आसपासचं, आणि बोसखार्ट १६२१ मध्ये गेला. जे झालंच नव्हतं त्यावर टोमणा कसा मारणार? त्याच्या वेळी ट्यूलिप दुर्मिळ आणि महाग होता एवढं मात्र खरं, तेवढंच म्हणावं. आणि ते लाल-पांढरे पट्ट्यांचे ट्यूलिप, ज्यांच्यासाठी लोक वेडे झाले, ते पट्टे एका व्हायरसमुळे यायचे, मावा कीड तो पसरवायची आणि कंद हळूहळू कमजोर व्हायचा. हे कळलं १९२० च्या दशकात. म्हणजे सगळ्यात महाग फूल हे आजारी फूल होतं! केवढा सुंदर सिम्बॉल आहे, पण तो आपला, चित्रकाराच्या माथी मारायचा नाही, त्याला बिचाऱ्याला व्हायरस माहीत नव्हता.

स्टेप ६: रंगावर पूर्ण विश्वास नको

माझ्या जिगसॉमधली निळी पानं छपाईची चूक असेल असं मला वाटलं होतं, कंपनीला मनातल्या मनात दोन शिव्याही घातल्या होत्या. चूक छपाईची नव्हती. जुने चित्रकार हिरवा बऱ्याचदा निळ्यावर किंवा निळ्यात पिवळा चढवून करायचे, त्यातले वनस्पतींपासून केलेले पिवळे रंग उजेडाने उडून जातात, खाली निळा उरतो. त्यामुळे निळी पानं बघून "गूढ, उदास वातावरण" वगैरे लिहायच्या आधी जरा थांबा. व्हॅन गॉगने मे १८९० मध्ये सें-रेमीचा दवाखाना सोडताना गुलाबांची दोन आणि आयरिसची दोन चित्रं केली, आज ते गुलाब जवळपास पांढरे दिसतात, केले तेव्हा गुलाबी होते. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममधल्या आयरिसच्या मागची भिंतसुद्धा आधी गुलाबी होती. लाल रंग टिकाऊ नव्हता, उडाला. पांढऱ्या गुलाबांच्या शांततेवर लोकांनी किती पानं लिहिली असतील देव जाणे.

स्टेप ७: एकोणिसाव्या शतकानंतरचं चित्र असेल तर

प्रश्न बदला. फ्रेंच चित्रकार माने शेवटच्या आजारपणात होता तेव्हा मित्रमंडळी फुलं आणायची, तो ती छोट्या कॅनव्हासवर काचेच्या फुलदाणीत रंगवायचा, एप्रिल १८८३ मध्ये गेला. त्या चित्रांत सीझनचं कोडं नाही, किडा नाही, कवटी नाही. पाण्यात बुडालेले दांडे बघा, हिरव्या-राखाडी मोजक्या फटकाऱ्यांत पाणी, काच आणि दांडा तिन्ही आलेत. इथे कोणतं फूल आहे यापेक्षा रंग कसा लावलाय, किती भरभर, कुठे तसाच सोडून दिलाय, हे वाचायचं. व्हॅन गॉगची सूर्यफुलं ऑगस्ट १८८८ ची, फ्रान्समधल्या आर्ल गावातली, चित्रकार मित्र गोगँ राहायला येणार म्हणून त्याच्या खोलीसाठी केलेली. एकेक फूल वेगळ्या वयाचं आहे, कोणी ऐन भरात, कोणी पाकळ्या गळून नुसतं बियांचं तोंड झालेलं. जवळून बघितलं तर बियांच्या जागी रंगाचा जाड थर ठिपक्याठिपक्यांनी उभा केलाय, बोसखार्टने ब्रशची खूणही दिसू दिली नसती.

स्टेप ८: लिहा, मग लेबल वाचा

तीन वाक्यं पुरतात. काय दिसलं, त्यात खटकलं काय, त्यावरून काय वाटतं. बोसखार्टबद्दल माझ्या वहीत असं आहे: "सगळी फुलं समोर तोंड करून, सगळ्यांवर सारखा उजेड, पण ती एका ऋतूतली नाहीत आणि भांड्यात मावणारीही नाहीत. पानांना भोकं आहेत, फुलांना नाहीत. मला वाटतं हा गुच्छ नाही, संग्रह आहे, शिंपल्यांसारखाच." चुकलंही असेल, पण प्रत्येक शब्दासाठी मी चित्रात बोट ठेवून दाखवू शकते, तेवढं पुरे आहे. "असं वाटतं" लिहायला लाजू नका आणि जे दिसलं नाही ते लिहू नका.

आणि आता, सगळ्यात शेवटी, लेबल. नाव, साल, कशावर रंगवलंय, कॅनव्हास की लाकूड की तांब्याचा पत्रा (पत्र्यावर पृष्ठभाग गुळगुळीत मिळतो, बारीक काम खुलतं). सालाकडे दोनदा बघा. लंडनच्या नॅशनल गॅलरीत फान हाउसुमचं मातीच्या फुलदाणीतल्या फुलांचं चित्र आहे, त्यावर त्याने सहीसोबत एक नाही, दोन सालं घातलीयेत, १७३६ आणि १७३७. आधी मला वाटलं लिहिताना चुकला असेल. मग तो पिवळा गुलाब आठवला, आणि मी परत पहिल्यापासून फुलं मोजायला बसले, यातलं कोणतं असेल ज्याच्यासाठी हा पुढच्या वसंतापर्यंत थांबला.